थांब म्हणण्याचा अधिकार

मायस्थेनिया ग्रेविस हे नाव ज्यांना नुकतेच कळले आहे, त्यांनी आतापर्यंत इंटरनेटवर काय काय वाचले असेल याची मला कल्पना आहे. ते सगळे मी इथे पुन्हा सांगणार नाही. एवढेच सांगते, की या आजारात शरीराची स्वतःचीच संरक्षणव्यवस्था नसेकडून स्नायूकडे जाणारा निरोप वाटेत अडवते. स्नायू वापरला की थकतो, विसावला की परत येतो. सकाळी माणूस धडधाकट असतो आणि संध्याकाळी त्याला स्वतःची पापणी उचलता येत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला हा आळस वाटतो. ज्याला होतो त्यालाही बराच काळ तसेच वाटते.

मी इंदूरची. जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करून भंवरकुआंच्या एका कोचिंग संस्थेत जीवशास्त्र शिकवत होते, पीएच.डी.साठी अर्ज करत होते आणि अर्ध मॅरेथॉनची तयारी करत होते. त्यातली पीएच.डी. लांबली, नोकरी सुटली. दोन्ही गोष्टींचे दुःख मी रीतसर केले. पण मला परत हवे होते ते धावणे. हा लेख त्याविषयी आहे.

सिक रिपोर्ट

माझे आजोबा फौजेत होते, महूच्या छावणीत. पप्पाही फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि इंदूरला एका बँकेत सुरक्षारक्षकांचे काम पाहू लागले. फौजेत आजारी जवानाला सकाळी वेगळ्या रांगेत उभे राहून तसे कळवावे लागते. त्याला सिक रिपोर्ट म्हणतात, आणि परेडमध्ये न जमून रांगेबाहेर पडण्याला फॉल आउट. आमच्या घरात कोणी डोके दुखते म्हटले, की पप्पा हसत विचारायचे, "काय, सिक रिपोर्ट करायचा का?" आणि दुखणारे डोके तिथल्या तिथे थांबायचे. यात क्रूरपणा नव्हता. आजोबा एकदाही त्या रांगेत उभे राहिले नव्हते, पप्पाही नाहीत. आमच्याकडे घराण्याचा अभिमान म्हणतात तो एवढाच होता. आई शाळेत शिकवायची. तीही तापात शाळेत गेलेली होती.

मी शाळेत असल्यापासून पप्पा आणि मी सकाळी धावायचो. घरी फारसे न बोलणारे पप्पा धावताना पुष्कळ बोलत. माझे वडील मला जेवढे कळले, ते रस्त्यावर कळले.

पहिले लक्षण वर्गात आले. संध्याकाळच्या बॅचमध्ये दुसऱ्या तासाला माझा आवाज नाकातून यायला लागला. "मैडम, माइक बदलवा लो, आप तो नाक से बोल रे हो," असे एक विद्यार्थिनी म्हणाली आणि सगळा वर्ग हसला. संस्थेने माइक बदलला. मग रात्रीच्या जेवणात पोळी चावताना जबडा थकायला लागला. मग घराचा जिना. सकाळी मात्र मी आरामात चौदा किलोमीटर धावत होते.

पप्पांनी यातून जो निष्कर्ष काढला, तो उपलब्ध माहितीवरून चुकीचा नव्हता.

"सकाळी चौदा किलोमीटर पळते अन् संध्याकाळी जिना चढवत नाही? हे पायाचं नाही बेटा. दिमागाचं आहे."

"मग काय करायचं?"

"संध्याकाळीपण पळायचं. दिमागला कळू दे, मालिक कोण आहे ते."

मला ते पटले. लांब पल्ल्याच्या धावण्याविषयी जे काही वाचत होते, त्यात हेच होते: शरीर थकायच्या आधी मन थकते, तेव्हा मनाचे ऐकू नका. आम्ही दोघे विद्यापीठाच्या आवारात संध्याकाळीही धावू लागलो. माझे पाय जड होत, मान पुढे झुके, आणि पप्पा बाजूने म्हणत, "त्या झाडापर्यंत. चल, आता त्या गेटपर्यंत." मी जात होते. थांबायचे नाही हे मला इतके नीट शिकवलेले होते, की आजार त्याच्या आडोशाला निवांत वाढत गेला.

एका संध्याकाळी धावून झाल्यावर मी पाणी प्यायले आणि ते नाकातून बाहेर आले. पप्पांनी ते पाहिले. बाटली माझ्या हातातून घेतली, झाकण लावले, आणि आम्ही घरी निघालो.

बर्फ

तुकोगंजच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी माझ्याशी दहा-पंधरा मिनिटे नुसत्या गप्पा मारल्या. नंतर लक्षात आले, त्या माझा आवाज बिघडायची वाट पाहत होत्या. माझी डावी पापणी अर्धी उतरली होती. त्यांनी रबरी हातमोज्यात बर्फ भरला, मला डोळा मिटायला सांगितला आणि त्यावर तो धरून ठेवला. थोड्या वेळाने काढला.

"देखो, खुल गई," त्या म्हणाल्या.

आरशात माझे दोन्ही डोळे सारखे उघडे होते. पप्पा खुर्चीवरून उठले. कित्येक दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर हसू होते.

"अरे वा. ठीक हो गई ना, मैडम?"

"नहीं अंकल. बर्फ से खुली, इसी का मतलब है कि बीमारी है."

ते तसेच उभे राहिले. हसू चेहऱ्यावरून जायला वेळ लागला, जणू त्याला कुठे जायचे ते कळत नव्हते. त्या दिवसाची मला सर्वांत स्पष्ट आठवण आहे ती ही. आजाराचे नाव ऐकून मला स्वतःला धक्का बसला नाही, उलट एक कोरडी ओळख पटली. नस आणि स्नायू यांच्यामधली ती फट, तिच्यातून जाणारे रेणू, पलीकडची त्यांना झेलणारी प्रथिने, ही आकृती मी प्रत्येक बॅचला फळ्यावर रंगीत खडूंनी काढून देत असे. मुले तिचा फोटो काढून घेत.

बाहेर आल्यावर पप्पांनी स्कूटर सुरू केली आणि म्हणाले, "सांभाळून बस." एवढेच.

यंत्राबरोबर

गोळ्या सुरू झाल्या, फरक पडला, आणि मग एक साधी सर्दी झाली. या आजारात सर्दी साधी नसते, हे आपल्या घरच्यांना आजच सांगून ठेवा. छातीचे स्नायू थकले. मी अतिदक्षता विभागात गेले आणि घशात नळी घालून मला श्वासाच्या यंत्राला जोडले.

शुद्धीत राहून यंत्राने श्वास घेणे म्हणजे काय, ते लिहायला मला अजून जड जाते. यंत्र आपल्या वेळेला हवा आत ढकलते. आपण आपल्या वेळेला घ्यायला गेलो, की दोघांची टक्कर होते, आणि यंत्र ओरडू लागते. पहिले दोन दिवस मी भांडले. मला तेवढेच येत होते. मग एका परिचारिकेने माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितले, "लड़ो मत दीदी. वो दे रहा है, आप ले लो." मी अंग सैल सोडले आणि हवा आली. मनाने खंबीर राहणे म्हणजे घट्ट राहणे, अशी माझी समजूत होती. ती तिथे मोडली. मोडताना फार भीती वाटली हेही खरे.

भेटायला एकावेळी एकच जण येऊ शकत असे. बोलता येत नसल्यामुळे मी समोरच्याच्या तळहातावर बोटाने अक्षरे काढायची. आईला कळत. पप्पांना एकही अक्षर लागत नसे. ते घाबरून सगळ्यालाच "हो, हो" म्हणत.

एकदा पप्पा माझे पाय चेपत होते. वेळ संपली म्हणून आई दारात आली आणि तिने ते पाहिले.

"राहू द्या," ती म्हणाली. "तुमची परेड झाली. आता तिच्या पायांना हात लावू नका."

ती ओरडली नव्हती. शाळेत हजेरी घ्यावी अशा आवाजात बोलली. पप्पांनी हात उचलले, चादर नीट केली आणि बाहेर गेले. त्यानंतर ते वर आले नाहीत. खाली, औषधांच्या दुकानाजवळच्या बाकावर बसून राहत. मला नळीमुळे एक शब्द बोलता येत नव्हता. जे मला म्हणायचे होते, ते तळहातावर मावण्याजोगे नव्हते.

शकुन भाभी

वॉर्डात हलवल्यावर शेजारच्या खाटेवर शकुन भाभी होत्या. मानपूरच्या. त्यांच्या नवऱ्याचे हायवेवर टायरचे दुकान. त्यांना हा आजार माझ्यापेक्षा फार आधीपासून होता आणि चेहऱ्यात उतरला होता. या आजारात ओठांचे कोपरे वर जात नाहीत. माणूस हसतो, आणि समोरच्याला तो दात विचकून रागावल्यासारखा दिसतो. माझेही तसे झाले होते. आई म्हणायची, "हसतेस की चिडतेस, काहीच कळत नाही गं."

"म्हारे यहाँ भी यही," भाभी म्हणाल्या. "सब समझते हैं मैं गुस्सा हूँ. तो सब काम फटाफट करते हैं. बीमारी का इतना फायदा तो बनता है ना."

आम्ही दोघी हसलो. शेजारच्या खाटेवरच्या आजींनी सुनेला विचारले, "ये दोनों लड़ क्यों रही हैं?" त्यावर आम्हाला इतके हसू आले, की श्वास लागून सिस्टरला बोलवावे लागले. त्या इस्पितळातल्या चांगल्या आठवणी मोजक्याच आहेत. त्यांत ही पहिली.

घरी गेल्यावर आम्ही फोनवर बोलत असू. त्या स्पीकर लावून पोळ्या करायच्या, मध्येच थकून थांबायच्या, आणि दम येईपर्यंत मी एकटी बोलायची. त्यानंतरच्या हिवाळ्यात त्यांना खोकला झाला. घरात नणंदेचे लग्न होते. लग्न पार पडले की दाखवू, असे त्या म्हणाल्या. लग्न पार पडले. इंदूरला आणताना त्या वाटेतच गेल्या.

फोन त्यांच्या नवऱ्याचा आला होता. "आपका नंबर ऊपर ही था," तो म्हणाला.

पहारा

पप्पांनी ती बातमी ऐकली आणि त्यांची उरलीसुरली हिंमत गेली. आधीच ते मला स्वयंपाकघरात उभी राहू देत नव्हते. मी आत गेले की मागून खुर्ची यायची. आता ते मला कोपऱ्यावरून दूधही आणू देईनात. माझे धावायचे बूट त्यांनी माळ्यावर टाकले होते. आई त्यांच्याशी कामापुरते बोलायची. सकाळी ते एकटे उठत, बूट घालत, आणि न धावता अंगणात फेऱ्या मारत.

मधल्या काळात छातीतली थायमस ग्रंथी काढण्याची, या आजारात करतात ती शस्त्रक्रिया झाली. औषधांनी चेहरा सुजला, उतरला. हळूहळू ताकद आली. मी चालायला लागले, मग रस्त्यावरच्या दिव्यांचे दोन खांब धावणे आणि एक खांब चालणे. पुष्कळ महिन्यांनी, पुष्कळ तपासण्यांनंतर, डॉक्टर मॅडमनी मला थंडीतल्या अर्ध मॅरेथॉनला अटी घालून परवानगी दिली: वेळेचा हट्ट नाही, मध्येमध्ये चालायचे, आणि पापणी उतरून किंवा एकाचे दोन दिसून डोळ्यांनी खूण केली की तिथेच थांबायचे.

"नाही," पप्पा म्हणाले.

"डॉक्टरांनी हो म्हटलंय."

"डॉक्टरचं काय जातं? त्यांच्या घरी राहतेस का तू?"

"पप्पा, मला एकदा बघायचंय. जमतं का, एवढंच."

"अन् नाही जमलं तर? ती मानपुरवाली..."

त्यांनी वाक्य सोडून दिले. आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "जाऊ द्या तिला. पण तुम्ही सोबत जा."

पप्पांनी तिच्याकडे पाहिले.

"माझ्याच्यानं बघवत नाही. माझे डोळे भरून येतात, मला काय दिसणार? तुम्हाला दिसेल. तुम्हीच बघा."

इस्पितळानंतर आईने माझ्या बाबतीत पहिल्यांदा त्यांच्यावर काही सोपवले, ते असे.

आम्ही करार केला. मी त्याचे कारण त्यांना शिकवल्यासारखे समजावून सांगितले. ज्याला शेवटपर्यंत पोचायचे आहे, त्याच्याकडे थांबायचा निर्णय ठेवू नये, कारण थकलेला मेंदू स्वतःच्या बाजूने साक्ष देतो. म्हणून तो निर्णय त्यांचा. मार्गावर तीन ठिकाणी ते उभे राहतील, माझे डोळे पाहतील आणि जा किंवा थांब एवढेच म्हणतील.

"भीती वाटली म्हणून थांब म्हणायचं नाही," मी म्हटले. "दिसलं तरच."

"अन् मी म्हटलं, आणि तू ऐकलं नाहीस तर?"

"ऐकेन."

मग ते रोज अंगणात माझी परीक्षा घेऊ लागले. मी पापणी न लववता वर बघायचे. स्नायू थकले असतील तर पापणी आपोआप खाली सरकते. पप्पा समोर उभे राहून डोळे बारीक करून पाहत. बंदूक साफ झाली की नाही हे ते असेच पाहत असतील.

रस्त्यावर

तुम्ही आजारातून उठून असे काही करायला निघाला असाल, तर माझ्या उपयोगी पडले ते सांगते. मी अंतराचा विचार केला नाही. धावणे आणि चालणे यांचा क्रम आधी ठरवला होता, पण तो पाळण्यापेक्षा बदलण्याचा सराव जास्त केला होता. चढ आला तर चालायचे, ऊन चढले तर आणखी चालायचे, आणि चालण्याला हार म्हणायचे नाही. मागून लोक पुढे जातात तेव्हा त्यांच्या पाठीकडे पाहायचे नाही. स्वतःच्या खांद्यांकडे लक्ष द्यायचे आणि ते सैल आहेत का बघायचे. या सगळ्याने मन शांत राहते. स्नायूवर त्याचा काही परिणाम होत नाही. हे दोन्ही एकाच वेळी लक्षात ठेवणे ही खरी कसरत आहे.

थंडी कडक होती. रस्त्याच्या कडेला पोह्यांच्या कढयांतून वाफ येत होती आणि लोक द्रोण हातात घेऊन "चलो भिया, चलो" असे ओरडत होते. पहिल्या ठिकाणी पप्पांनी मला वर बघायला लावले आणि लगेच म्हणाले, "जा." दुसऱ्या ठिकाणी फार वेळ पाहिले. आता भीतीनेच थांबवणार, असे मला वाटले.

"जा," ते म्हणाले.

त्यानंतरचे चार किलोमीटर मी आयुष्यात सर्वांत चांगली धावले. वेगाने नव्हे. श्वास माझा होता, पाय माझे होते, कोणी ढकलत नव्हते. आजारानंतर पहिल्यांदा मला आधीची मी आठवली आणि तिचा हेवा वाटला नाही.

तिसऱ्या ठिकाणी पप्पा अजून पोचत होते. स्पर्धेसाठी रस्ते बंद होते, स्कूटर चालत नव्हती. म्हणून ते प्रत्येक वेळी कॉलन्यांमधून आडवे कापत धावत येत होते, साठी उलटलेला माणूस, अंगात स्वेटर. धापा टाकत त्यांनी हात वर केला.

"वर बघ."

"पप्पा, मी एकदम ठीक आहे. पाय बघा माझे."

"वर बघ."

मी समोरच्या इमारतीच्या टोकाकडे पाहिले. दोन्ही डोळे टक्क उघडे आहेत, याबद्दल मला जराही शंका नव्हती.

"डावी," पप्पा म्हणाले. "बस, बेटा."

"थोडं राहिलंय. चालत जाते."

"नाही."

"पप्पा, प्लीज. पाचच उरलेत."

"तू मला हक्क दिलास ना? मग वापरू दे."

मी दुभाजकावर बसले. त्या क्षणी मला शांत वाटले, असे लिहायला मला आवडले असते. वाटले नाही. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि मी तोंड फिरवून रडले. काही मिनिटांनी समोरून धावणारा प्रत्येक माणूस मला दोनदा दिसू लागला. मला कळण्याआधी त्यांना दिसले होते. हे कळल्यावरही राग गेला नाही, फक्त त्याला जायला जागा उरली नाही. एवढे अंतर मी पुन्हा कधी धावणार नाही हे मला तिथेच समजले, आणि पुढे डॉक्टरांनीही तेच सांगितले.

ज्यांना पुढे जमत नाही त्यांना उचलणारी बस मागून आली. पप्पांनी मला दंडाला धरून चढवले आणि स्वतः पायरीवर पाय ठेवला. हातात यादी घेतलेली स्वयंसेवक मुलगी आडवी आली.

"अंकल, बस में सिर्फ रनर बैठेंगे."

"मैं भी दौड़ा हूँ."

"आपका नंबर कहाँ है?"

"नंबर नहीं है." ते पायरीवर सरळ उभे राहिले, हात अंगालगत. "लिख लो बेटी, हम दोनों फॉल आउट. इससे भी नहीं हुआ, मुझसे भी नहीं हुआ."

मुलीने माझ्याकडे पाहिले, मग त्यांच्याकडे. काही न लिहिता ती बाजूला सरकली. पप्पा आत आले, माझ्या शेजारी बसले, आणि मग वाकून त्यांनी माझे पाय उचलून आपल्या मांडीवर घेतले.